मोसंबीच्या डोक्यावरचा ठिपका

मुलांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या थोरल्याने सरबताची बाटली कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाला, "आजी, तुमच्या लोगोवर लाल डाग पडलाय. मला फाईल पाठव, दोन मिनिटांत साफ करून देतो." त्या वेळी मोठी आजी माझ्या शेजारी लसूण सोलत बसली होती. ती तुम्हाला दिसत नव्हती, पण तिला सगळं ऐकू येत होतं. तिने हातातली पाकळी ताटलीत ठेवली आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी हात धुवून ये." तुम्हाला वाटलं, तुमच्या जेवणाची वेळ झाली म्हणून ती तसं म्हणते आहे. तुम्ही हसून फोन ठेवला.

म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि आत्ताच बसले आहे, कारण तुमचे हात कीबोर्डवर फार वेगाने चालतात. फाईल तुम्हाला मिळेल. पण आधी त्या डागाची हकिकत वाचा आणि मग काय करायचं ते ठरवा.

मोठी आजी म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको, माझी जाऊ. ती अंबड तालुक्यात आपल्या गावीच राहते आणि मोसंबीची बाग बघते. मोसंबीला गळ लागते. म्हणजे फळ तोडायच्या आधी आपणहून खाली पडतं. पडलेलं फळ व्यापारी घेत नाही, पण त्याच दिवशी उचललं तर आतला रस चांगला असतो. मोठे आजोबा गेल्यावर दुसऱ्या वर्षी मोठ्या आजीने गावातल्या बायकांचा गट जमवला आणि गळीच्या फळाचं सरबत करायला घेतलं. आधी ते पाहुण्यांना जात होतं, मग अंबडच्या बाजारात, मग जालन्यात. शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या दुकानाने विचारणा केली. दिवाळीसाठी एक अख्खं फडताळ देतो म्हणाले. अट एकच होती. बाटलीवरचं लेबल, खोकं आणि दुकानात लावायचा बोर्ड, या तिन्ही ठिकाणी गटाचं चिन्ह एकसारखं दिसलं पाहिजे.

चिन्ह होतं. मोठ्या आजीनेच काढलं होतं, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. पितळी पेला पालथा ठेवून गोल काढला, आत मोसंबीच्या फोडी, वर दोन पानं. पेल्याला एका बाजूने पोचा आलेला असल्यामुळे मोसंबीलाही त्याच बाजूने पोचा आला. गावात कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. बागेत तशाही मोसंब्या असतात.

दुकानाच्या खरेदी विभागात एक मुलगी होती. तिची ईमेल इंग्रजीत आली. गटात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून मोठ्या आजीने ती माझ्याकडे पाठवली आणि फोन करून म्हणाली, "तुझ्या इंग्रजीतलं हाय, तूच बघ." मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे आपल्या घरात असा समज आहे की जे जे इंग्रजीत लिहिलेलं असतं ते ते मला समजतं. वॉशिंग मशीन बिघडलं तरी मलाच बोलावतात. ईमेलमध्ये लिहिलं होतं, लोगो एआय, ईपीएस, एसव्हीजी, पीडीएफ आणि पारदर्शक पीएनजी या स्वरूपात पाठवावा, जेपीजी चालणार नाही. वाक्यरचना निर्दोष होती. अर्थ मला लागला नाही.

तुम्हाला हे सगळं येतं, तरी मी कसं समजून घेतलं ते सांगते. वहीत ठिपक्यांच्या रांगोळ्या उतरवून ठेवतात तेव्हा रांगोळी काढत नाहीत. किती ठिपके, कुठून कुठे जोडायचे, एवढंच लिहितात. त्यावरून तीच रांगोळी तळहाताएवढीही निघते आणि अंगणभरही निघते. त्या मुलीला हवं होतं ते हे. जेपीजी म्हणजे काढलेल्या रांगोळीचा लांबून घेतलेला फोटो. तो मोठा करायला गेलं की रांगोळी मोठी होत नाही, नुसतं भुरकट होतं. हे मला एका संध्याकाळी आपल्याच दारासमोर उभं असताना उमगलं. मी खूश होऊन आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग तिला रांगोळीची वही पाठव."

जुन्या जालन्यात, आपल्या गल्लीच्या तोंडाशी, धान्याच्या आणि कापडाच्या दुकानांच्या मधे एक फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, सगळे फ्लेक्स तिथून निघतात. मालकांना सगळी गल्ली भाई म्हणते. ते मला आपा म्हणतात. मी पुठ्ठा पुढे ठेवला आणि ईमेल वाचून दाखवली.

भाई म्हणाले, "आपा, इतने फारमॅट कायको? जेपीजी में सब आता. मैंने पूरे जिल्हे के पुढारी जेपीजी में निकाले."

"जेपीजी चालणार नाही असं लिहिलंय."

"लिखनेवाले को क्या जाता."

तरी त्यांनी मनावर घेतलं. पुठ्ठा समोर ठेवून माऊसने सगळी मोसंबी रेघेरेघेने काढली, त्यात रंग भरला, अक्षरांना कर्व्ह केलं. कर्व्ह करणं म्हणजे अक्षराचं चित्र करून टाकणं. ते केलं नाही तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वेलांट्या जागा सोडून उभ्या राहतात. काम देखणं झालं. सवयीने त्यांनी वरच्या कोपऱ्यात एक गोल मोकळा ठेवला होता. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "फोटो किसका डालने का?" फोटोशिवाय त्यांच्या दुकानातून आजवर काहीच बाहेर पडलं नव्हतं.

पारदर्शक पीएनजी मात्र त्यांना पटेना. पारदर्शक म्हणजे मागे काहीच नाही. त्यांच्या पडद्यावर ते 'काहीच नाही' करड्या-पांढऱ्या चौकड्यांनी दाखवतात. भाईंनी खात्री म्हणून मोबाइलने पडद्याचाच फोटो काढला आणि परस्पर मोठ्या आजीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यात मोसंबी होती, मागे चौकड्या होत्या आणि मधोमध दुकानातल्या ट्यूबलाइटचं आडवं प्रतिबिंब होतं.

आठ दिवसांनी गावी गेले तर गटातल्या बायका नव्या कापडी पिशव्या घेऊन समोर आल्या. अंबडला छापून आणल्या होत्या, त्या फोटोवरून. प्रत्येक पिशवीवर चौकडी, चौकडीवर मोसंबी, मोसंबीवर पांढरा आडवा पट्टा.

मी म्हणाले, "जाऊबाई, चौकड्या नसतात. चौकड्या म्हणजे तिथे काही नाही असं दाखवायची पद्धत आहे."

मोठी आजी पिशवी उलटसुलट करून बघत म्हणाली, "काही न्हाई तर मंग दिसून कसं राह्यलंय?"

दुसरी एक म्हणाली, "आन् ह्यो पट्टा?"

"तो ट्यूबलाइट आहे."

"आमी म्हन्लं रसाची चमक दाखवली भाईनं. लई झ्याक दिसतीय."

त्या पिशव्या तशाच वापरल्या गेल्या. दुकानाच्या मुलीला मी त्यांच्याबद्दल कळवलं नाही.

शेवटी बरोबर फाईल झाली. तिचा पहिला नमुना भाईंनी जाड कागदावर छापून दिला आणि तो मी गावी पोचवला. आता आपल्याकडे नवीन वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या बाबांच्या पहिल्या लॅपटॉपलाही मी लावलं होतं. बायकांनी पाट मांडला, त्यावर तो कागद ठेवला आणि करंडा आणला.

करंडा मोठ्या आजीपुढे धरला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. मोठे आजोबा गेल्यापासून मोठी आजी अशा वेळी मागे सरकून उभी राहायची. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. आमच्या वयाच्या बायकांना सांगावं लागत नाही. स्वतः कुंकू लावायचं नाही, दुसऱ्या कशाला लावायचं नाही, करंडा फिरायला लागला की आपण चुलीपाशी काहीतरी काम काढायचं. त्या दिवशीही ती म्हणाली, "माजं न्हाई ते. तू लाव." म्हणजे मी.

तिची शेजारीण, गटातली सगळ्यात भांडखोर बाई, करंडा तसाच धरून म्हणाली, "चित्र कोनी काढलं?"

"काढलं म्हून काय झालं?"

"मंग ज्यानं काढलं त्यानंच लावायचं. माझा हात दुखून राह्यलाय, जल्दी करा."

मोठ्या आजीने आधी हळद लावली, मग कुंकू. मोसंबीच्या डोक्यावर, दोन पानांच्या मधे. कुंकू जरा डावीकडे लागलं आणि खाली ओघळ आल्यासारखं ओढलं गेलं. मग सगळ्यांनी सरबत प्यायलं आणि कागद देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवला.

त्यानंतर भाईंच्या कॉम्प्युटरने मान टाकली. गल्लीतली वीज गेली, आली, परत गेली, आणि आतली सगळी मोसंबी पुढाऱ्यांसकट नाहीशी झाली. ईमेलने पाठवायच्या फाईली अजून पाठवायच्या होत्या. मी मूळ पुठ्ठा मागवला, तर त्यावर सरबत सांडून उंदरांनी अर्ध्या फोडी खाल्ल्या होत्या. पूर्ण म्हणावी अशी मोसंबी जगात एकाच ठिकाणी उरली होती, देव्हाऱ्यावरच्या त्या कागदावर.

दिवाळी जवळ आली होती. गटाच्या खोलीत भिंतीला लागून बिनलेबलाच्या बाटल्यांची रांग उभी होती आणि बायका रोज सकाळी त्या पुसून ठेवत होत्या. मोठी आजी कागद ताटात घालून, वर स्वच्छ रुमाल झाकून, एसटीने जालन्याला घेऊन आली. भाईंनी नवीन कॉम्प्युटर घेतला होता. तो कागद त्यांनी स्कॅन केला आणि या वेळी हाताने काढत न बसता ट्रेस नावाच्या बटणाला सांगितलं की याच्या रेघा तूच शोध.

बटणाने शोधल्या. कुंकवाच्याही शोधल्या. कॉम्प्युटरला कुंकू आणि मोसंबी यात फरक कळत नाही. हळद पिवळी, ती मोसंबीच्या पिवळ्यात मिसळून गेली. कुंकवाचा मात्र स्वतंत्र आकार झाला. रेघ जिथे वळते तिथे एक बारीक चौकोन येतो, त्याला नोड म्हणतात. अख्ख्या मोसंबीला होते त्यापेक्षा जास्त नोड कुंकवाच्या कडेला आले, कारण बोटाचे ठसे, सुटलेली पूड, ओघळ, सगळं त्याने प्रामाणिकपणे टिपलं होतं.

भाई म्हणाले, "स्मूथ करता हूँ." त्यांनी एक पट्टी उजवीकडे सरकवली. कुंकू गोल गुळगुळीत झालं.

मोठी आजी खुर्चीतून पुढे वाकली. "ही टिकली झाली."

"अच्छा दिखता ना, मावशी."

"चांगलं दिसतंय, पन म्या टिकली न्हाई लावली. कुंकू लावल्तं."

भाईंनी पट्टी मुकाट्याने डावीकडे आणून शून्यावर ठेवली. मग मिसळलेली हळद वेगळी काढून दाखवताना थर, म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रं, खालीवर झाले, तर मोठी आजी म्हणाली, "आधी हळद, मंग कुंकू. उलटं करू नका." भाईंनी थर बदलले. मी त्यांच्यामागे उभी राहून ठिपक्याच्या थराला नाव दिलं. फाईलमध्ये प्रत्येक गोष्टीला नाव असलं पाहिजे असं मला वाटतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही मी नावं लावते, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्या थराचं नाव मी ठेवलं: 'कुंकू, थोरल्या बाईंनी लावलेलं'.

फाईली गेल्या. दुसऱ्या दिवशी मी, मोठी आजी आणि भाई त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात बसलो असताना त्या मुलीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"मॅम, फाईल्स मिळाल्या, थँक यू. दोन क्वेरीज आहेत. सर्कल मुद्दाम इम्परफेक्ट आहे का?"

"हो," मी म्हणाले.

"ओके. आणि टॉपला ते रेड एलिमेंट आहे, ते ऑफ सेंटर आहे. ते चुकून राहिलं असेल तर डिलीट करून आज संध्याकाळपर्यंत पाठवाल का? म्हणजे मी अप्रूव्ह करून टाकते. उद्या फडताळं फायनल होतायत."

मी फोन ठेवला. बाहेर ऑटोवाले एकमेकांना वाट द्यायला सांगत होते. मग मोठी आजी म्हणाली, "काढा."

मी तिच्याकडे पाहिलं.

"काढा म्हन्ते ना. बाटल्या भरून ठेवल्यात. एवढ्या बायकांचं काम एका ठिपक्यापायी अडवायचं का? मला काय, सवय हाय." तिने रुमाल घडी करून ताटात ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा घडी केली.

भाईंनी ठिपक्यावर क्लिक केलं. त्याभोवती बारीक चौकोनांची माळ उमटली. आता फक्त एक कळ दाबायची होती. भाईंनी हात उचलून मांडीवर ठेवला.

"आपा, माऊस हँग है."

माऊसचा बाण पडद्यावर व्यवस्थित हलत होता. मी म्हणाले, "डिलीटची कळ कीबोर्डवर असते, भाई. माऊसचं काय काम?"

"वो भी हँग है. आप दबाओ."

"मी का? दुकान तुमचं."

"जेठानी आपकी."

मी खुर्ची पुढे घेतली. मुलांनो, मी विद्यापीठाच्या परीक्षेत मुलांना नापास केलेलं आहे, तुमच्या बाबांच्या हातून सायकल काढून घेतलेली आहे. पण ती कळ मी दाबली नाही. मोठी आजी खिडकीकडे बघत बसली होती आणि तिच्या कपाळावर काही नव्हतं. जिच्यापुढे सगळ्यांनी मिळून करंडा धरला, तिने लावलेलं कुंकू मी तिच्यासमोर काढून टाकायचं, तेही फडताळासाठी, हे माझ्याने होईना.

भाईंनी चहा मागवला. चहा आला, संपला. भाई म्हणाले, "लाईट जाने दो. लाईट गई तो बोलेंगे, लाईट गई." त्या दिवशी, पहिल्यांदाच, गल्लीतली वीज अजिबात गेली नाही. आम्ही तिघं डोक्यावरच्या पंख्याकडे बघत बसलो. तो बिनबोभाट फिरत होता.

शेवटी मोठी आजीच म्हणाली, "काय तुमी दोघं. आना इकडं." आणि तिने बोट पुढे केलं. तिला डिलीट कुठे असतं ते माहीत नव्हतं. ती कीबोर्डवर शोधत राहिली आणि आम्ही दोघांनीही तिला दाखवलं नाही. भाई टेबलाखाली काहीतरी पडलंय म्हणून खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

मग मला सुचलं ते केलं. त्या मुलीला इंग्रजीत ईमेल लिहिली. लिहिलं की सोबत ओपन फाईल जोडली आहे, म्हणजे जिच्यात हवं ते बदलता येतं अशी. लाल भाग वेगळ्या थरावर आहे. तो इथल्या कोणालाही काढता आलेला नाही, तेव्हा आपणच कृपया काढावा. खाली सही केली आणि पाठवून दिली. मोठी आजी म्हणाली, "ती काढंल बिलकुल. तिला काय माहीत." आणि ताट उचलून बसस्टँडकडे निघाली. मी तिच्या हाताला धरून थांबवलं, निदान फोन येईपर्यंत.

फोन दुपारनंतर आला. या वेळी त्या मुलीच्या बोलण्यात इंग्रजी कमी होतं.

"मॅम, ते लेयरचं नाव वाचलं मी. थोरल्या बाई म्हणजे कोण?"

मी सांगितलं. कोण, कधी लावलं, करंडा कोणी धरला, कागद ताटातून कसा आला.

ती म्हणाली, "मला डिलीट करायचं होतं. मी सिलेक्टपण केलं. मग आमच्या डिझायनरला सांगितलं, तर तो म्हणतो, मी जेवून येतो. अजून आला नाही." मग म्हणाली, "मॅम, अट फक्त तिन्ही ठिकाणी सेम दिसण्याची आहे. असू दे ना मग तिन्ही ठिकाणी. पण सेम म्हणजे सेम हं. कोणी हलवायचं नाही. तुम्ही तसं लिहून द्या, इंग्रजीत, म्हणजे मला वर दाखवता येईल."

मी लिहून दिलं. लोगो कसा वापरायचा याची नियमावली असते, तशी. माझ्या आयुष्यातलं सर्वांत नेटकं इंग्रजी त्या पानावर आहे. कुंकू ताणू नये. कुंकू फिरवू नये. कुंकू मधोमध आणू नये. कुंकवाच्या भोवती एका पानाच्या रुंदीएवढी जागा मोकळी सोडावी. हळद कुंकवाच्या वर कधीही येऊ नये. पांढऱ्या, पिवळ्या किंवा चौकडीच्या पार्श्वभूमीवर कुंकू आहे तसेच राहील.

रंगाचा प्रश्न राहिला होता. पडद्यावरचा लाल आणि छापलेला लाल वेगळे दिसतात. छापायच्या फाईलला रंग वेगळ्या मोजमापाने सांगावे लागतात. भाईंनी मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई, शंभर आणि पिवळी शंभर असं टाकलं. मोठ्या आजीने नमुना बघून सांगितलं, हे कुंकू न्हाई, हे गुलालाचं काही तरी झालं. मग गटातल्या चार बायका अंबडहून आपापले करंडे घेऊन भाईंच्या दुकानात आल्या आणि पडद्याला लावून बघू लागल्या. एकीचं कुंकू गडद होतं, एकीचं नारिंगीकडे झुकणारं. त्यांच्यात भांडण लागलं की खरं कुंकू कोणतं. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आलेले दोन कार्यकर्ते दारातच थबकले. त्यांना वाटलं कॉम्प्युटरची पूजा चालली आहे, आणि त्यांनी चपला काढल्या. भाईंचा पडदा नंतर कितीतरी दिवस खालच्या कडेला लालसर होता.

लेबलं लागली, बोर्ड गेला. मग खोकेवाल्याचं म्हणणं आलं की खोक्यावर एकच रंग छापतो, एकरंगी फाईल पाठवा. भाईंनी सगळं काळं करून दाखवलं. मोठ्या आजीने खुर्ची मागे सरकवली. भाईंनी स्वतःहूनच फाईल बंद केली.

"काला नै चलता," ते मला म्हणाले, जणू मीच सुचवलं होतं.

मोठी आजी म्हणाली, "एकच रंग पायजे ना त्याला? मंग समदंच लाल करा."

आकार आणि जागा सेम आहे म्हणून त्या मुलीनेही ते मान्य केलं, आणि आपल्या मोसंबीच्या खोक्यावर मोसंबी लाल आहे, पानं लाल आहेत, अक्षरंही लाल आहेत. त्या दिवाळीत संभाजीनगरच्या दुकानात लोकांनी ती खोकी डाळिंबाची समजून उचलली, घरी जाऊन उघडली आणि सरबत आवडलं म्हणून पुन्हा येऊन डाळिंबाचंच मागितलं. मुलीने फोन करून विचारलं, गट डाळिंबाचंही करतो का. मोठी आजी म्हणाली, "मोसंबीचंच पाठवा. त्यांना तेच आवडलंय." फडताळ अजून आपल्याकडेच आहे.

त्या मुलीने नंतर एक विचारणा केली, कामाची नव्हती. म्हणाली, मॅम, त्या कुंकवाची तेवढी वेगळी एसव्हीजी मिळेल का? मी पाठवली. कशाला हवी ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एसव्हीजी पाठवण्याआधी मी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. तुम्ही म्हणाल, असं कोणी बघतं का. पण आत नुसता मजकूर असतो आणि मजकूर दिसला की मी वाचते. मोसंबीचे परिच्छेद छोटे आहेत. पान दोन ओळींत संपतं. कुंकवाचा परिच्छेद मात्र पानभर जातो: एम अक्षराने सुरू होतो, मग आकडे, स्वल्पविराम, सी, पुन्हा आकडे, आणि शेवटी झेड. एम म्हणजे बोट टेकवा, सी म्हणजे वळा, झेड म्हणजे जिथून निघालात तिथे परत या. मी तो पूर्ण वाचला. चूक सापडली नाही.

आता तुम्हाला फाईल पाठवते आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, कारण फोटो केला की सगळं भुरकट होतं. लेबल मोठं करायचं असेल तर करा, बोर्डासाठी भिंतीएवढं करा. ओळखीच्या कोणाला ठिपका खटकला तर माझी नियमावली सोबत जोडली आहे.

भाईंचा तो जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. पोचा आलेला पेला मोठ्या आजीने मोडीत घातला. चौकडीच्या पिशव्या धुऊन धुऊन फिक्या झाल्या. आता कोणी त्यात कांदे ठेवतं. देव्हाऱ्यावरच्या कागदावरचं कुंकू झडून गेलं, तिथे तांबूस डाग तेवढा दिसतो, तोही उन्हात धरला तर. मोठी आजी स्वतःच्या कपाळाला अजून काही लावत नाही. पण गटात नवीन काही आलं, मिक्सर असो नाहीतर वजनकाटा, करंडा तिच्याचपुढे धरतात आणि ती आता धरणारीचा हात दुखण्याची वाट बघत नाही. आणि तिने त्या दिवशी लावलेलं कुंकू फाईलमध्ये आहे, लावलं होतं तिथेच, जरा डावीकडे.